फागूजींनी भिंत पाडली नाही

फागूजी मिस्त्री दारू पीत असत आणि त्या नशेत त्यांनी आमच्या घराची भिंत तिरपी चढवली, हे साफ खोटे आहे. मोहाची दारू ते वर्षातून दोन दिवस घेत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आणि धुळवडीला. त्या दोन्ही दिवशी ते थापीला हात लावत नसत. काम उरकण्याच्या घाईत त्यांनी कच्ची माती वापरली, हेही खोटे आहे. घाई हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, आणि त्यांच्या सावकाशपणाने मी स्वतः किती वेळा संतापलो याला आमची गल्ली साक्षी आहे. पडलेली भिंत पुन्हा उभारायला ते न बोलावता आले म्हणजे त्यांनी आपला गुन्हा कबूल केला, हे तिसरे विधान तर सर्वांत खोटे.

ही तिन्ही विधाने गेल्या महिन्यात वाचनालयाच्या ओट्यावर झाली. फागूजी दरेकशाला लेकीकडे वारले, ही बातमी त्या दिवशी सकाळच्या एसटीने गोरेगावात पोचली होती. दारूचे विधान आमचे शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर बिसेन यांनी केले. बाकीची दोन कोणी केली ते सांगण्यात अर्थ नाही, कारण माना सगळ्यांनीच डोलावल्या. ज्या भिंतीवरून एका मिस्त्र्याची अब्रू गेली, हातचे काम गेले आणि शेवटी गावही सुटले, ती भिंत माझ्या घराची होती. म्हणून या विषयावर बोलण्याचा अधिकार इतर कोणाहीपेक्षा माझा अधिक आहे, आणि इतकी वर्षे न बोलल्याचा दोषही.

ओट्यावर एक चौथेही मत होते, तेही खोडून ठेवतो. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, फागूजीचा हात देवाचा होता, त्याने बोट लावले की भिंत सरळ होत असे. तसे काही नव्हते. त्यांचा एकही कोपरा काटकोनात बसत नसे. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला अजूनही पोट सुटलेले आहे. स्वभावाने ते हट्टी होते. झालेले काम मनाला आले नाही तर मालकाला न विचारता पाडून मोकळे होत. दुपारी जेवण झाले की आदल्या आठवड्यात वाळलेल्या भिंतीला पाठ लावून तासभर झोपत, आणि घोरत. प्रश्न विचारला तर हातातला मातीचा गोळा भिंतीवर बसल्याशिवाय उत्तर देत नसत. तोवर विचारणारा आपला प्रश्न विसरलेला असे. बुटके, काटक, गुडघ्यापासून खाली कायम मातीच्या रंगाचे. चष्म्याची एक काडी मोडली होती, तिच्या जागी सुतळी. ती सुतळी कानामागून घेऊन ते बोलत, आणि बोलत ते बहुधा भिंतीशी. "अजून तिले विचारलो नाही," असे ते म्हणाले की समजावे, आज काम होणार नाही.

त्यांचे पूर्वज तलाव बांधणारे. आमच्या तालुक्यातल्या एका तलावाची पाळ आपल्या आजाच्या आजाने बांधली, असे ते सांगत. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे आराखडे काढण्याचे काम केले. त्या तलावाचे कागद माझ्या हाताखालून गेले होते, आणि त्यांत बांधणाऱ्याचे नाव कुठेही नव्हते. मी त्यांना तसे ऐकवले.

"पाळ आहे ना जी?" ते म्हणाले.

"पाळ आहे."

"मंग झाला त."

ते माझ्या घरी कसे आले, ते सांगितले पाहिजे. माझा सारा संसार शासकीय क्वार्टरांत झाला. आठ गावे, आठ क्वार्टरे. प्रत्येक ठिकाणी माझ्या पत्नीने, शांताने, तुळस लावली आणि बदलीच्या वेळी शेजारणीला देऊन टाकली. लोक पंचविशीत करतात ते आम्ही माझ्या निवृत्तीनंतर केले. गोरेगावच्या बाजारामागे एक मातीचे घर विकत घेतले. दोन हात जाडीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे मातीची कौले, आणि नऊ वर्षे कुलूप. मालकाची मुले रायपूरला स्थायिक झाली होती. आम्ही दार उघडले तेव्हा पुढच्या खोलीत कमरेएवढे वारूळ उभे होते. शांता त्या वारुळाला वळसा घालून आली आणि म्हणाली, "खोली मोठी आहे हो."

मी दुरुस्तीचा आराखडा काढला. तो उत्तम होता, हे मी आजही म्हणतो. पारदर्शक कागद, काळी शाई, अचूक प्रमाण. फागूजी पहिल्या दिवशी आले तेव्हा मी तो ओसरीत पसरला. त्यांनी सुतळी कानामागे सरकवून कागद बराच वेळ पाहिला.

"मोठा सुंदर काढला जी," ते म्हणाले. "याच्यात पानी कोनीकडून जाते?"

"कसलं पाणी?"

"वरचा. अंगनातला. शेजाऱ्याचा."

माझ्या आराखड्यात पाणी नव्हते. पाण्याच्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या घराच्या आराखड्यात पाणी नव्हते. शांता पदराआड हसली, ते मला दिसले. फागूजींनी तिच्याकडून घागरीएवढी गुंड भरून पाणी मागून घेतले, अंगणात ओतले आणि ते कुठे जाते ते पाहत उकिडवे बसले. मग दुसरी गुंड, दुसऱ्या कोपऱ्यात. सबंध दिवस त्यांनी एवढेच केले. संध्याकाळी मी विचारले, "काम कधी सुरू करणार?" ते म्हणाले, "काऊन, दिवसभर का करून राहिलो मंग?"

त्या दिवसापासून त्या घराविषयी शांता आणि फागूजी यांच्यात एक बोलणे सुरू झाले, आणि त्यात मला जागा नव्हती. ती त्यांना फागूभाऊ म्हणे, ते तिला बाई म्हणत. चूल कुठे हवी, उजेड कुठून यावा, कोनाडा किती उंचीवर असावा, हे ती हात उंचावून दाखवी आणि ते तिच्या हाताच्या उंचीवर कोळशाने रेघ ओढत. माझा आराखडा लोखंडी पेटीत गेला. मला त्याचे वाईट वाटले, हे मी लपवत नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ मला तिथे सापडते, पण ते कारण म्हणून मांडण्याचा मला हक्क नाही.

मातीचे सांगतो, कारण कच्च्या मातीचा आरोप तिच्यावरच आहे. फागूजींनी तलावाच्या पोटातली माती आणवली, तीत धानाच्या पेंढ्याचे तणस आणि कोंडा घातला, पाणी सोडले आणि आठ दिवस ती कुजू दिली. तिसऱ्या दिवशी वास सुटला. पाचव्या दिवशी बिसेन आपल्या ओसरीतून ओरडले, "साहेब, क्या मर गया है भाई तुमच्या अंगणात?" मी फागूजींना म्हणालो, आता पुरे. ते म्हणाले, "मातीले सडू द्या जी. सडली नाही त धरत नाही." ही कच्ची माती!

नवव्या दिवशी त्यांनी आपला रिवाज सांगितला. मातीचा पहिला ढीग घरच्या नवराबायकोने तुडवायचा, दोघांनी मिळून. त्यांच्या घराण्यात तलावाच्या पाळीचे तसेच होते म्हणे. ज्याच्या धानाला पाणी मिळणार त्याने पहिली माती तुडवायची.

"बाई, घर तुमचा आहे त पाय बी तुमचेच पायजे."

शांता छपन्न वर्षांची होती. तिने लुगड्याचा काष्टा मारला आणि घोट्यापर्यंत त्या कुजक्या मातीत उतरली. आधी तोंड वाकडे केले, मग हसू लागली. "अहो, या ना," ती म्हणाली. "गार लागतं. लई बरं वाटतं."

मी ओसरीवर इस्त्रीची पँट घालून उभा होतो. मी म्हणालो, "मी शासकीय सेवेतून सन्मानाने निवृत्त झालेला माणूस आहे. चिखल तुडवायला मजूर लावले आहेत."

फागूजी स्वतः मातीत उतरले आणि शांतापासून चार हात अंतर ठेवून तुडवू लागले. माझ्या वाट्याची माती त्यांनी तुडवली.

दिवाळीच्या आत घर उभे झाले. पश्चिमेची भिंत पायापासून नवीन होती. पांढऱ्या मातीचा हात फिरवलेली ती भिंत दुपारी इतकी गार असे की शांता तिला टेकून तांदूळ निवडत बसे. ते घर मी पाहिलेल्या सर्व घरांत चांगले होते. त्यात माझे काहीच नव्हते.

दुसऱ्या उन्हाळ्यात शांता मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेली. तिला चकित करावे म्हणून मी गोंदियाहून एक ठेकेदार आणला आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंट चढवायला सांगितले. मातीवर सिमेंट धरत नाही, म्हणून आधी कोंबडीजाळी ठोकली. भिंतीच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी सिमेंटचा कोबा केला. वर मोतिया रंग दिला. माझ्या मते घर आता पक्के झाले होते, आणि त्यात माझे काही आले होते.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. फागूजी वांग्यांची पिशवी घेऊन घरासमोरून चालले होते. ते थांबले.

"साहेब, बाईले विचारला का?"

"घर माझंही आहे, फागूजी."

"आहे जी. मी कोठी नाही म्हनतो?" मग ते माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे पाहत राहिले. "भितीले दम घ्यावा लागते साहेब. तुमी दोनी बाजून नाक दाबून राहिले तिचा. खालून पानी चढते, ते कोठी जाईन?"

"चौतीस वर्षं मी पाण्याचंच काम केलं आहे."

"धरनाचा केला जी. तिथी पानी अडवाचा राहते. इथी सोडाचा राहते."

ठेकेदार मोठ्याने हसला. "चाचा, जमाना बदल गया. घर जाओ, भाजी बनाओ."

मीही हसलो. फागूजींची हकीगत सांगणाऱ्यांपैकी कोणालाही हे हसणे ठाऊक नाही, म्हणून ते मला लिहिले पाहिजे. फागूजी पिशवी दुसऱ्या हातात घेऊन निघून गेले.

शांता परत आली, भिंतीपाशी उभी राहिली. "चकचकीत दिसते," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "फागूभाऊंना दाखवलंत?"

"दाखवलं."

"काय म्हणाले?"

"छान झालं म्हणाले."

भाद्रपदात आठवडाभर झड लागली होती. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती भिंत पडली. आवाज मोठा झाला नाही. भरलेले पोते जमिनीवर टेकवावे तसा झाला. भिंत बाहेर, गल्लीकडे पडली, कोणाला इजा झाली नाही. वरची वासे-बल्ली तुळईवर अडकून राहिली आणि आमचे माजघर सगळ्या गल्लीला दिसू लागले. फळीवरचे डबे, दोरीवरची माझी बनियन, सगळे.

लोक छत्र्या घेऊन जमले. मी खाली पाहिले आणि मला तत्क्षणी समजले. सिमेंटचे पापुद्रे ताटांएवढे, अखंड, जाळीला लटकलेले होते, आणि त्यांच्यामागची माती लापशीसारखी पातळ झाली होती. पाणी खालून चढले होते, वरून पाझरले होते, आणि बाहेर जायची वाट मी बंद केली होती. हे ओळखण्याचेच शिक्षण मी घेतले होते. तिथे जमलेल्यांत हे कळणारा माझ्याशिवाय कोणी नव्हता.

बिसेन म्हणाले, "साहेब, सिमेंटची भीत कैसी पडली? तुम्ही तर इंजिनेर माणूस."

मी इंजिनिअर नव्हतो, पण गल्ली मला तसे समजत असे आणि ती समजूत मी कधी दुरुस्त केली नव्हती. त्या वीस-पंचवीस छत्र्यांखालून माझ्याकडे पाहणारे डोळे मला आठवतात. मी म्हणालो, "वरचं सिमेंट चांगलंच आहे. आतली माती कच्ची निघाली."

एवढेच. मी नाव घेतले नाही. पुष्कळ वर्षे मी स्वतःला हेच सांगत आलो की मी नाव घेतले नाही. नावाची गरजच नव्हती; माती कोणाची, हे साऱ्या गल्लीला माहीत होते. शांता दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग आत जाऊन फळीवरचे डबे उतरवू लागली. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "फागूभाऊ छान म्हणाले होते ना?" मी दोरीवरची बनियन काढून तिची घडी घातली. या घराची हकीगत ती जशी सांगते, तिच्यात मला आजवर एकही चूक काढता आलेली नाही.

त्या एका वाक्याला पुढच्या बाजाराच्या दिवशी घाई चिकटली आणि दसऱ्यापर्यंत दारू. माझे मूळ वाक्य कोणाला आठवतही नव्हते. ओट्यावर तीन हकीगती सांगणाऱ्यांना मी खोटारडे म्हणतो आहे खरा, पण त्या तिघांनीही माल माझ्याकडूनच उचललेला आहे.

उघाड पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी फागूजी फावडे घेऊन आले. कोणी बोलावले नव्हते. सिमेंटचे पापुद्रे त्यांनी एकेक करून वेचले आणि गल्लीच्या कडेला नीट रचून ठेवले. मग खाली बसून पडलेली माती दोन्ही हातांनी एका जागी ओढू लागले. पुन्हा पाणी, पुन्हा तणस.

मी विचारले, "हीच माती वापरणार?"

"मातीचा का चुकला जी?" ते म्हणाले.

या प्रश्नात टोमणा होता असे शांताला वाटते. मला तसे वाटत नाही. टोमणा मारणे त्यांना येत नसे. त्यांनी मला खरोखरच विचारले होते, आणि मी उत्तर देईन म्हणून ते थोडा वेळ थांबलेही होते.

दिवसाला हातभर उंचीचा एक थर. तो वाळला की दुसरा. येणारे-जाणारे पाहत, आणि जो तो एकच अर्थ काढी. बिसेन रोज सकाळी दात घासत विचारत, "काय फागू, अबके पक्की बनून राहिली ना?" फागूजी मान हलवत. मी चार पावलांवर वर्तमानपत्र घेऊन बसलेला असे. ते कशासाठी आले होते, हे त्यांनी शांताला सांगितले, आणि मी ते ऐकले. "बाई, तुमी माती तुडवली होती. तुमचे पाय आहेत या भितीत. पडली त तसाच ठेवू का?" गुन्ह्याची कबुली म्हणतात ती ही.

एकदा ती चहा घेऊन आली आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फागूभाऊ, लोक तुम्हाला नाही नाही ते बोलतात. तुम्ही खरं काय ते सांगत का नाही?"

त्यांनी हातातला गोळा भिंतीवर बसवला. हात धुतले. कप घेतला.

"मी सांगलो त कोन ऐकंन, बाई? साहेब सांगतीन त ऐकतीन."

मी पान उलटले. त्या पानावर काय होते ते मला आजही सांगता येणार नाही, पण मी ते शेवटपर्यंत वाचत राहिलो.

भिंत पूर्ण झाली. ती आजही उभी आहे. त्यांचे काम मात्र तुटले. लोक म्हणतात, मातीची घरेच संपत चालली होती, फागूजींचे काम तसेही गेलेच असते. हा युक्तिवाद सर्वप्रथम मीच केला होता, शांतापुढे. तेव्हा तो मीच खोडतो. त्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या दोन घरांचे कवेलू फेरायला, म्हणजे उतरवून पुन्हा बसवायला, आमगावहून माणूस आला. त्यांतले एक घर बिसेनांचे. त्याआधी वीस वर्षे ते काम फागूजी करत. "साहेबाच्या घरचं माहीत आहे ना," असे बिसेन माझ्यादेखत म्हणाले आणि त्यांनी दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिले. मी कवेलूंकडे पाहिले. पुढे फागूजी दुसऱ्यांच्या बांधीत, धानाच्या शेतात, धुऱ्यांवर म्हणजे बांधांवर माती ओढताना दिसत. धान कापणीच्या दिवसांत इतरांबरोबर मजुरीला जात. मी रस्त्याने गेलो तर रामराम करत. मीही करत असे.

आता मागच्या वर्षीचे. एक तरुण जोडपे आमच्याकडे आले, दोघेही शिक्षक. त्यांनी शाळेमागचे एक जुने मातीचे घर घेतले होते. लग्नाला दोन वर्षे झालेली, पहिलेच घर. सगळे त्यांना सांगत होते, पाडा आणि स्लॅब टाका. पण त्या मुलीला ते घर तसेच हवे होते. आमच्या माजघरात येऊन तिने भिंतीवर तळहात टेकवला. "अहो, किती गार आहे! काका, तुमचे मिस्त्री कोण होते? आम्हाला तेच हवेत."

शांता त्या दिवशी नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला गेली होती. ती घरात असती तर पुढचे घडले नसते. पण ती नव्हती, आणि नसताना मी काय करतो हाच खरा प्रश्न आहे. नाव माझ्या ओठावर होते. त्याच क्षणी मला दिसले की हे दोघे नाव घेऊन गल्लीत चौकशी करतील, भिंत पडल्याचे ऐकतील, परत माझ्याकडे येतील आणि त्या सरळ डोळ्यांनी विचारतील, "काका, मग ती भिंत का पडली?"

मी म्हणालो, "ते आता काम करत नाहीत. म्हातारे झाले, सोडलं त्यांनी."

"अरेरे," ती मुलगी म्हणाली.

यानंतर आठ-दहा दिवसांनी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गोंदियाला जाण्यासाठी स्टँडवर गेलो. बाकावर फागूजी बसले होते. शेजारी एक गाठोडे. मला पाहताच त्यांनी गाठोडे मांडीवर घेतले.

"बसा जी साहेब."

मी बसलो. विचारले, "कुठे निघालात?"

"दरेकश्याले. लेकीकडं. आमगाववरून गाडी भेटते."

"परत कधी?"

"आता कायले परत?" ते म्हणाले. मग पाऊसपाण्याचे सांगावे तसे सांगू लागले. "शाळेमांगं मास्तर-मास्तरीननं जुना घर घेतला ना जी. मी गेलो होतो. म्हनलो, बाई, भीत पाहून देतो, पसंत आला त काम सांगा. पोरगी मोठी गुनाची. पानी देलं, बसवलं. म्हनाली, बाबा, साहेबानं त सांगितला का तुमी काम सोडला म्हनून."

मी समोरच्या वेळापत्रकाच्या फळ्याकडे पाहत होतो.

"मंग मी म्हनलो, हो बाई, सोडला."

"का?" मी विचारले. इतक्या वर्षांत उत्तर हवे म्हणून त्यांना विचारलेला हा माझा पहिला प्रश्न असावा. "का म्हणालात तसं? तुम्ही तर काम मागायलाच गेला होतात."

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही.

"तुमाले खोटा कसा पाडू जी? बाईच्या घरचे मानूस तुमी."

आमगावची गाडी लागली. बाजाराचा दिवस नसतानाही गर्दी होती. ते गाठोडे डोक्यावर घेऊन चढले. स्टँडवर ओळखीची चार-पाच माणसे होती, पानठेल्याशी बिसेनही होते. त्या सर्वांच्या समोर, त्यांना ऐकू जाईल असे, एक वाक्य बोलायला पुरेसा वेळ होता. वाहक अजून खाली उभा राहून ओरडत होता. फागूजींना बसायला जागा मिळाली नाही. एका हाताने गाठोडे सावरत, दुसऱ्या हाताने वरची दांडी धरून ते उभे होते, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारली असती तर त्यांनी वळून पाहिले असते, याची मला खात्री आहे.

मी हाक मारली नाही. वाहकाने घंटी दिली आणि गाडी निघाली.